कानसेन आणि न ऐकलेली शिट्टी

गल्लीत त्यांना कानसेन म्हणत, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडे. पत्रा ठोकायच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला. निवृत्तीनंतर ते दारासमोर शेजाऱ्यांच्या गाड्या तपासत, त्याही नुसत्या कानाने. कॉम्प्युटर लावून बिघाड शोधणारे त्यांच्या मते आंधळी कोशिंबीर खेळणारे. बायको अलीकडे म्हणायची, "एकदा कान दाखवून या." त्यावर यांचं ठरलेलं, "तूच तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस."

त्या सकाळी लेकीची डिझेल गाडी दारात होती. चढावर ओढत नव्हती, मागून काळा धूर टाकत होती. दुपारी तिला डोंगरापलीकडे नव्या नोकरीवर निघायचं होतं, एकटीने.

"बाबा, टर्बो गेला का?"

"टर्बो म्हणजे काय गं? बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो आणि तो इंजिनात हवा कोंबतो. हवेची नळी फाटली असेल तर शिट्टी वाजते. दे रेस."

तिने रेस दिली. कानसेनांनी डोळे मिटून बॉनेटखाली कान लावला. इंजिनाची घरघर होती, शिट्टीचं नाव नव्हतं.

"नळी ठणठणीत आहे. डिझेलच भेसळीचं असणार. खुशाल जा."

एवढ्यात बायको धुणं वाळत घालायला बाहेर आली. "अगंबाई, ही शिट्टी कसली? कान किटले!"

"कुठली शिट्टी?" ते हसले.

लेकीने खिडकीतून डोकं काढलं. "बाबा, मलाही ऐकू येतेय. मला वाटलं, तुम्ही तीच ऐकताय. तुम्ही ठणठणीत म्हणालात म्हणून गप्प बसले."

कानसेनांचं हसू मावळलं. त्यांनी नळीखालून हात फिरवला. नळी आवळणाऱ्या पट्टीजवळ बोटांना हवा लागली, आणि ते मनातून चरकले. ही पोर आपल्या शब्दावर घाट चढणार होती.

इंजिन बंद करून त्यांनी नळीचं फाटकं टोक कापलं, नळी पुन्हा बसवली, पट्टी आवळली. "दे रेस," ते म्हणाले. या खेपेला ते वाकले नाहीत, बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"थांबली?"

"थांबली."

त्यांच्या कानांना मघाच्या आणि आत्ताच्या आवाजात काडीचा फरक जाणवला नव्हता.

दुपारी लेक गेली. कानसेन हत्यारं पुसत म्हणाले, "त्या कानाच्या डॉक्टरांचं काय म्हणत होतीस?"

बायकोने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी त्यांच्या समोर बसून.