ताईनं शिकवलेली रांग

माझी ताई कोडिंगच्या नोकरीला लागली तेव्हा ती नेमकं काय करते, हे आमच्या घरात कुणालाच सांगता यायचं नाही. "कॉम्प्युटरला समजावून सांगते," एवढंच आई शेजारणींना सांगायची. पगाराचा आकडा मात्र सगळ्यांना बरोबर समजायचा. मग जो तो आपलं पोर तिच्याकडे धाडू लागला. चित्रं काढणारी, गाणारी, बडबडी, मुकी, सगळी एकाच घाण्याला जुंपली. शनिवार-रविवार ताई एका क्लासमध्ये त्यांना शिकवायची.

यंदा तिनं साहेबांकडे पगारवाढ मागितली. तीन वर्षं पगार हलला नव्हता.

साहेब हसले. "मॅडम, एका जागेला किती अर्ज येतात बघा जरा. तुमच्या निम्म्यात यायला तयार आहेत लोक."

ताई चरफडत जागेवर आली. शेजारच्या खुर्चीत नवीन मुलगी रुजू झाली होती. ताईचीच विद्यार्थिनी.

"निम्म्यात आलीस?" ताईनं विचारलं.

मुलीनं मान खाली घातली. "वर्षभर घरी बसून होते, मॅडम. बाबा रोज टोमणे मारायचे."

तिच्यावर चिडायचं तरी कसं?

त्याच शनिवारी क्लासमध्ये एक बाई लेकीला घेऊन आल्या. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. "मशीन बिघडली की हीच दुरुस्त करते," बाई म्हणाल्या, "पण त्यात कसलं आलंय भविष्य?"

ताईला राहवलं नाही. "त्यातच आहे, बाई. इथे दारातच चेंगराचेंगरी चाललीय. आवड असेल तर जरूर शिकू द्या, पण सगळे शिकतात म्हणून नको."

बाई भडकल्या. "स्वतः मलई ओरपलीत आणि माझ्या पोरीला ताक दाखवता?"

क्लासचे मालक धावत आले. त्यांनी बाईंची समजूत घातली, मुलीचं नाव दुसऱ्या मास्तरांकडे घातलं आणि ताईला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मुलीला कुणी काही विचारलंच नाही.

पगार काही वाढेना, म्हणून आता ताई दुसरी नोकरी शोधतेय. मुलाखतीला गेली की बाकांवर ओळखीचे चेहरे बसलेले असतात. "मॅडम, तुम्हीसुद्धा?" म्हणत उठून जागा देतात.

परवा तिनं घरात शिरताच पर्स सोफ्यावर आदळली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"घेतलं एकाला. माझाच विद्यार्थी," ती म्हणाली. "चांगलं शिकवलं ना मी, तेच नडलं!"