अप्पांची सलाईन मधेच का थांबायची

मी घरोघरी जाऊन सलाईन लावणारा, इंजेक्शन देणारा, ड्रेसिंग करणारा ब्रदर. मूळचा नायगावचा, राहायला लातुरात, आणि दिवसातला निम्मा वेळ गाडीवर. त्या आठवड्यात सकाळी सातला पहिलं घर अप्पांचं.

अप्पा म्हणजे जुन्या पेठेतले म्हातारे किराणा दुकानदार. साखरेपायी पायाचं एक बोट काढलेलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा दिवस सकाळ-संध्याकाळ औषध घातलेल्या सलाईनची एकेक बाटली, एकही चुकली नाही पाहिजे. औषध पुरतं गेलं नाही तर पुढं पाऊल काढावं लागंल. त्यात अप्पांच्या शिरा संपलेल्या. उजवा हात सुया खाऊन काळानिळा. डाव्या मनगटाशी एक शीर गावली होती, सगळा भार तिच्यावर.

बाटली तासाभराची. मी लावायचो, पाच-दहा मिनिटं थेंब बघायचो आणि पुढच्या पेशंटकडं पळायचो. संपली की बंद कशी करायची ते अप्पांच्या सूनबाईंना शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांचा फोन.

"ओ ब्रदर, थांबली की हो ही!"

गाडी वळवली. येऊन बघतो तर थेंब चालू. मला वाटलं बाटली खाली टांगली म्हणून जोर कमी पडला असंल. भिंतीच्या खिळ्यावरून काढून खिडकीच्या वरच्या गजाला बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. नळी उशीखाली दबली का बघितलं. नव्हती. तरी आख्खी नळीच बदलली. संध्याकाळची बाटली मात्र गपगुमान गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. सुईपाशी सूज न्हाई, चिकटपट्टी जागेवर, सगळं ठीक. मी आलो की सलाईन चालते, मी निघालो की थांबते. सलाईनला माझीच तेवढी भीती वाटायची बहुतेक.

"अप्पा, हात हलवला का?"

"न्हाई रे. लाकडासारखा धरलाय."

"खरं सांगा वहिनी."

"न्हाई ओ, हललेच न्हाईत. मी हितंच होते."

अप्पांना माझ्याकडून डॉक्टरांची नक्कल ऐकायची लई हौस. डॉक्टर चष्मा नाकावर ओढून बोलतात ना, तसं मी 'तर आजोबा, गोड किती खाल्लं?' म्हणलो की ते पोट धरून हसायचे. त्या दिवशी पण म्हणले, "काढ की रे आवाज." माझ्यात जीव नव्हता. म्हणलो, "डॉक्टर आज रजेवर हायेत, अप्पा."

चौथ्या दिवशी सलाईन लावून खुर्चीत टेकलो, दोन मिनिटं म्हणून, आणि तिथंच डोळा लागला. आदल्या दिवशी लातूरभर अकरा घरं झाली होती. जाग आली ती खोलीतल्या शांततेनं. अप्पा मांडी घालून बसलेले. कपाळाला विभूती. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलेलं, हात छातीशी उचललेला, मनगट मागं वळलेलं, नजर लिंगावर. दगडासारखे स्थिर. आणि बाटलीत थेंब न्हाई.

रोजची पूजा. रोज मी गेल्यावर. मनगट वळलं की सुईचं तोंड दबायचं, हात वर गेला की उतार कमी व्हायचा. पूजा झाली की हात खाली, की थेंब चालू. आणि एकदा वर घेतला की हात खरंच हलत नव्हता. दोघंही खरंच बोलत होते.

पूजा मोडली न्हाई. ती संपल्यावर हात खाली घेतला, सरळ केला. आज मात्र थेंब पडंना. सुईत रक्त गोठलं होतं. दाबून ढकलता येत न्हाई ते, गुठळी आत जाते. सुई काढली. ती एकुलती शीर गेली.

"अप्पा, आधी का नाही सांगितलं?"

"तू हात हलवला का इचारलास. पूजा केली का न्हाई इचारलास."

"पूजेआधी लावू नका म्हणायचं तरी."

"तू बंद कर म्हणला असतास. पूजा केल्याबगर मी पाण्याचा घोटबी घेत न्हाई. आन् साखरंचं इंजेक्शन घेतलं की लगेच खावं लागतं. मग काय करू?"

बरोबर होतं त्यांचं. म्हणलो, "उद्यापासून पूजा, न्याहारी, मग सलाईन. मी आठला येतो." म्हणलो खरं, पण आठचं घर पाच नंबर चौकात होतं, तिथली म्हातारी मला खाऊन टाकणार होती.

"आणि आज?" सूनबाईंनी विचारलं.

आज सुई लागली न्हाई तर दवाखान्यात भरती. अप्पांनी ते ओळखलं होतं. उजवा हात स्वतःच पुढं केला आणि तोंड भिंतीकडं वळवलं. गरम पाण्यात फडकं पिळून दहा मिनिटं कोपरापासून खाली गुंडाळलं. बोटांनी चाचपत गेलो. पहिल्यांदा टोचलं, हुकलं. कोपराच्या खाली आतल्या बाजूला एक बारीक शीर बोटाखाली उसळल्यासारखी वाटली. रक्त आलं. चिकटपट्टी लावली, बाटली जोडली.

एक, दोन, तीन. सलग.

मी उठलो न्हाई. तासभर नुसते थेंब बघत बसलो. सूनबाईंनी उपीट आणून ठेवलं, ते गार झालं. चौकातल्या म्हातारीचे चार फोन येऊन गेले. पाचवा उचलला.

"कुठं हायस रे मुडद्या?"

"निघालोच, आजी," मी म्हणलो, आणि पाय खुर्चीखाली अजून लांब केले.