माहेरचं रक्त

लग्नात माझं गोत्र बदललं, तेव्हा मी अंतरपाटाआड मनातल्या मनात टाळ्या पिटत होते. माझी आई आणि मावशी, दोघीही छातीच्या गाठीनं गेलेल्या. मला वाटलं, गोत्र सुटलं म्हणजे हेही माहेरीच सुटलं! काय ते डोकं होतं माझं, प्रदर्शनात मांडण्यासारखं. पुढे चाळिशीत मलाच गाठ निघाली, ऑपरेशन झालं, तरी मी दोष दिला तो सासरच्या विहिरीला.

मागच्या वर्षी लेकीनं मला पवनारहून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथली समुपदेशक पोरगी कागदावर आमचा वंशवृक्ष काढायला बसली. "आजी, घरात कोणाकोणाला कॅन्सर झाला?"

मी सासऱ्यांपासून सुरुवात केली. चुलत सासरे, मोठी नणंद... अर्धा कागद भरला तेव्हा लेकीनं कपाळाला हात लावला.

"माय, तू बाबाचं खानदान काऊन सांगून राह्यली? तुह्या रक्तात ते लोक कुठून आले?"

"लग्नात गोत्र नाई का बदललं माहं?"

"गोत्र बदललं आजी," पोरगी हसू दाबत म्हणाली, "रक्त माहेरचंच आहे."

"मंग त्या भटजीले दक्षिणा कायले देल्ली?"

तिनं नवा कागद घेतला. माझ्या एका नळीभर रक्तातून कितीतरी जनुकं एकदम तपासली, आणि त्यातल्या एकात दोष निघाला. आईकडून आलेला. लेकीत तो असण्याची शक्यता अर्धी होती. मग तिचंही रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट येईपर्यंत ती माझ्याशी इतकी गोड वागली, की मला धडकीच भरली.

रिपोर्टच्या दिवशी दवाखान्यातली पोरगी लेकीला म्हणाली, "तुमच्यात तो दोष नाही, ताई. आता बाकीच्या बायकांसारखी नेहमीची तपासणी तेवढी करत राहा."

लेकीनं तिच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. बाहेर आल्यावर माझ्या गळ्यात पडली, रडली आणि पदराला नाक पुसून म्हणाली, "माय, तुह्यातलं काहीच नाई आलं वं माह्यात!"

"हे नाक कोणाचं मंग? वापस कर."

झालं! स्टँडपर्यंत आम्ही शाळकरी पोरींसारख्या खिदळत गेलो. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं, आजी?" मी लेकीकडं पाहिलं, लेकीनं माझ्या नाकाकडं. पवनार म्हणायला दोघींपैकी एकीलाही हसू आवरेना.