तांब्याच्या घागरीतलं पाणी

ज्या माणसाच्या सहीने मला एम.एस्सी. मिळाली, त्याच्यावरचा माझा राग आजही गेलेला नाही. जाऊही नये.

आम्ही शेंदूरजनाघाटचे माळी, घरचा संत्र्याचा बगीचा. अमरावतीला जीवरसायन शिकायला गेलो, तेव्हा प्रबंधाला विषयही घरचाच घेतला: संत्र्याच्या रसातलं क जीवनसत्त्व. हंगामात बाबा दर आठवड्याला मोटारीने टोपली पाठवत. "विषय बाजारातला आहे, तुला जमेल," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. वर्गातली वकील-मास्तरांची मुलं हसली. मीही हसलो, याची अजून लाज वाटते.

सरांचं सोवळं कडक. प्रयोगाचं शुद्ध केलेलं पाणी काचेच्या बरणीत ठेवलं की त्याला कोणाकोणाचे हात लागतात, म्हणून ते तांब्याच्या घागरीत भरून ठेवत. त्या घागरीला शिवायची मला बंदी होती. मी वाकून चंबू खाली धरायचा आणि सरांनी हातभर वरून पाणी ओतायचं. दोन वर्षं हेच चाललं.

आणि दोन्ही हंगाम माझे आकडे कमी आले. रस ताजा, भांडी घासूनपुसून लख्ख, तरी त्यात पाणी मिसळलं की थोड्याच वेळात जीवनसत्त्व निम्मं गायब. "खुरपं धरणाऱ्या हाताला ब्युरेटची नळी पेलत नाही," सर म्हणाले. "या सत्रात आकडे नीट आले नाहीत तर मी सही करणार नाही. बगीचा आहेच तुला." सही नाही म्हणजे पदवी नाही.

दिवाळीत अकोल्याला बहिणीकडे गेलो. भाऊजी तिथे शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या काचेच्या बरणीतलं पाणी घेऊन मी तीनदा प्रयोग केला. तिन्ही वेळा आकडे पुरेपूर आले.

"तुया मास्तर पाणी कायच्यात ठेवते?" भाऊजींनी विचारलं.

"तांब्याच्या घागरीत."

तांब्याचा अंश लागला की क जीवनसत्त्व नासतं, हे मी स्वतः पुस्तकात वाचलेलं होतं. दोन वर्षं त्या घागरीसमोर वाकलो, पण मला फक्त अपमान दिसला, तांबं दिसलंच नाही. माझा मलाच भयंकर संताप आला.

अमरावतीला परतून सरांना सांगितलं. त्यांनी घागरीवर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "काचेतलं पाणी वापर. सही करतो. पण आधीचे आकडे का चुकले, ते लिहावं लागेल." आणि इंग्रजीत वाक्य सांगितलं: विद्यार्थ्याच्या अस्वच्छ भांड्यांमुळे सुरुवातीचे आकडे चुकले. घागरीचं नाव नाही. मी खाली मान घालून लिहून घेतलं. 'नाही' म्हणायला तोंड होतं, ते उघडलं नाही.

बांधलेला प्रबंध घरी नेला. बाबांनी हात धुऊन, पुसून तो मांडीवर घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"याच्यात काय लिवलं हाये?"

"आपल्या संत्र्यात काई खोट नाई, असं लिवलं हाये."

"अन् तुयाबद्दल?"

"मायं नाव हाये पयल्या पानावर."

ते एकेक पान उलटू लागले. त्या वाक्याचं पान आलं तेव्हा मी त्यावर हात ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरीही ठेवला.