रामआसरेचा रोटर

जुन्या गाड्यांच्या शोच्या आदल्या दिवशी संध्याकाळी १८१५ वाजता मी माझी जोंगा, फौजेची जुनी जीप, गंगेपलीकडे रामनगरच्या मैदानावर लावली. हँडब्रेक ओढला, चाकाखाली वीट सरकवली. मग बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालचा रोटर काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. रोटर अंगठ्याएवढा असतो, पण तो नसला तर स्पार्क नाही आणि गाडी कुणाला पळवता येत नाही. फौजेत हीच पद्धत होती. ड्रायव्हर गाडीपासून दूर गेला की रोटर त्याच्या खिशात.

मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, व्हेईकल मेकॅनिक होतो, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. वडील काशीत दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे. मी मंत्रांऐवजी पाने धरले. आता मुन्शी घाटाच्या गल्लीत राहतो आणि जुन्या गाड्यांच्या क्लबात आहे. बाकीचे मेंबर गाडीला नवरीसारखं नटवतात. मी म्हणतो, आधी सुरू करून दाखवा. लिलावात घेतलेली ही जोंगा मी दोन वर्षांत नटबोल्टपासून उभी केली आणि तिच्यासारखी चालणारी गाडी त्या मैदानावर दुसरी नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, बढाई असली तरी खरी आहे.

शोचा नियम साधा होता. दुरुस्त केलेल्या गाड्यांनी १००० वाजता आपल्या इंजिनावर मैदानाची एक फेरी मारायची. मग त्या दोरीआड, संध्याकाळपर्यंत हलवायच्या नाहीत. त्या फेरीत माझ्या शेजारी सावित्रीभाभी बसणार होत्या. माझ्या युनिटचा ड्रायव्हर लान्स नायक रामआसरे यादव, त्याची ही बायको. रामआसरे दर पत्रात तिला लिहायचा, एकदा तुला जोंगात बसवतो. ते राहून गेलं. मी फोनवर भाभींना शब्द दिला होता. शोच्या सकाळी त्या गाझीपूरहून आल्या आणि त्यांची परतीची बस दुपारची होती.

०९१० वाजता मी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा मारला. क्लबाचे अध्यक्ष मिश्राजी चहा घेऊन आले. बँकेतून निवृत्त झालेले, भले गृहस्थ.

"सूबेदार साहब, कार्बोरेटर तो नहीं?"

"नहीं."

माझा हात छातीकडे गेला. अंगावर ब्लेझर होता, मेडल्स होती. रोटर कालच्या शर्टात. जित्याची खोड म्हणतात ती ही. नोकरीभर जवानांना शिकवलं की रोटर काढलास तर विसरू नकोस, आणि विसरलो मीच. या इंजिनाचा दुसरा रोटर शोधूनही मिळालेला नव्हता.

घरी बायकोला फोन लावला.

"कालचा शर्ट कुठे आहे?"

"बादलीत. अहो, खिशातलं ते काळं काढून खिडकीत ठेवलंय."

"घेऊन निघ. ताबडतोब."

"निघते. पण पुलावर जाम आहे, आत्ताच शेजारचे परत आले. तासभर तरी लागेल."

०९२५. तासभर म्हणजे फेरी गेली. मिश्राजी म्हणाले, धक्का मारून नेऊ. मी नको म्हटलं. शब्द धक्का मारून नेण्याचा नव्हता. मला स्वतःची लाज वाटली आणि ती भाभींना सांगणं भाग होतं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून रिकामी जागा दाखवली, रोटर काय असतो ते सांगितलं.

त्यांनी नीट पाहिलं. मग पिशवीतून लाल कापडाची पुरचुंडी काढली. "भइया, हम त ई पूछे खातिर ले आइल रहनी. उनका जेब में से निकलल रहे. केहू ना बतावल कि का ह."

आत रोटर होता, रामआसरेच्या खिशातून निघालेला; ते काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

लढाईत त्या दिवशी पुढच्या चौकीखाली रामआसरेने जोंगा लावली, रोटर खिशात टाकला आणि जखमींना आणायला वर गेला. तोफेचा शेल पडला. आम्ही त्यालाच उचलून खाली आणलं. वायरलेस सेटवर हुकूम आला, "गाडी तुरंत भेजो. ओव्हर." रोटर त्याच्या खिशात आहे हे मला माहीत होतं. शर्ट रक्ताने भिजला होता. खिशात हात घालायला मी धजलो नाही. टूलबॉक्स उपसून स्पेअर शोधला, लावला, तीन मिनिटं गेली. ड्रेसिंग स्टेशनच्या, म्हणजे फौजेच्या दवाखान्याच्या, अलीकडेच रामआसरे गेला. डॉक्टर म्हणाले, तीन मिनिटांनी फरक पडला नसता. डॉक्टर असं म्हणतातच.

भाभींनी दिलेल्या रोटरच्या पितळी टोकावर काळा थर होता. बारीक पॉलिश पेपरने घासला, बसवला, टोपी लावली. ०९४२ ला सेल्फ मारला. पहिल्याच झटक्यात जोंगा बोलली. मिश्राजींच्या हातातला चहा सांडला.

१००० वाजता आम्ही निघालो. भाभी डाव्या सीटवर ताठ बसल्या होत्या, एक हात डॅशबोर्डवर. पूर्ण फेरीत एकदाच बोलल्या.

"तेज चलावत रहलन?"

"बहुत. डाँट खाते थे."

त्या हसल्या. गाडी दोरीआड लावली, इंजिन बंद केलं. बॉनेट उघडून रोटर काढला आणि या वेळी तो त्यांच्या हातात ठेवला. मग ती तीन मिनिटं सांगितली. इतक्या वर्षांत कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

भाभी रोटर कापडात गुंडाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हाथ डाल देतऽ, त ई हमरा लगे ना आइल रहित." खरंच, तेव्हा मी खिशात हात घातला असता तर तो रोटर त्यांच्यापाशी पोचलाच नसता.

१०५० ला बायको घामाघूम होऊन पोचली, मुठीत माझा रोटर. तिने भाभींना पोळीभाजीचा डबा दिला आणि मी त्यांना बसपर्यंत सोडून आलो.

परत येऊन जोंगाचं लॉगबुक उघडलं. फेरी एक, सुटली १०००, बिघाड नाही. ड्रायव्हरच्या रकान्यात लिहिलं, लान्स नायक रामआसरे यादव. खाली सही मेकॅनिकची असते. ती माझी केली.