हवालदारांचं नंबरवार उठणं

गोळ्यांची पुडी अनसाबाईंनी माझ्या टेबलावर ठेवली नाही, टाकलीच.

"धरा तुमचं औषद! माणूस बरा करा म्हनलं हुतं, पाडा म्हनलं न्हवतं!"

मागे त्यांचे मालक, फौजेतून रिटायर झालेले हवालदार, कपाळाला पट्टी, भिंतीकडे बघत उभे.

सत्तरच्या दशकात कोरेगावच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होते. गोळ्या बांधायच्या, कशा घ्यायच्या ते सांगायचं. शिक्षण सातवी. बाकीचं डॉक्टरांचं डोकं खाऊन शिकले. हवालदार पेन्शनीवर आले आणि गप्पच झाले. जेवण नाही, दाढी नाही. "जगून काय करायचंय," असं एकदा म्हणाले, तेव्हा अनसाबाई घाबरून त्यांना घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, हे बाहेरचं काही नाही, डिप्रेशन नावाचा आजार आहे. झोपताना एक गोळी.

"पन झालं काय?" मी विचारलं.

"पहाटं पाचला खाटंवरनं ताडकन उठत्यात, फौजेतल्यावानी. उठलं, ताठ उभं ऱ्हायलं, आन धाडदिशी पडलं! तोंड तर लय सुकतंय. चार दिस झालं, म्याच गोळी बंद केलीया."

आता खरं सांगते. त्या गोळीनं तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं, झटकन उठलं की बीपी उतरून चक्कर येते. हे साइड इफेक्ट पेशंटला सांगा, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी सांगितलं नव्हतं. ऐकून घाबरतील, गोळी घेणार नाहीत, हा माझा शहाणपणा.

डॉक्टरांनी झोपवून, मग उभं करून बीपी मोजलं. डोस थोडा कमी केला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आता तरी सांगा, बाई."

मग सांगितलं सगळं. पाणी घोट घोट प्या, पालेभाजी खा. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्रास मात्र आधी हजर होतो. मनानं गोळी बंद करायची नाही, इथं यायचं. राहिलं उठणं. हळू उठा म्हटलं तर हा माणूस ऐकणार थोडाच!

"हवालदार, उठायचं कवायतीसारखं, नंबरवार. एकला कुशीवर. दोनला पाय खाली सोडून बसायचं. तीनला उभं."

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन आन तीनच्या मधी टाइम किती?"

"अनसाबाई हुकूम देतील तवा."

"मी?" अनसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

तीन आठवड्यांनी दोघं आले. हवालदारांची दाढी गुळगुळीत, मिशीला पीळ.

"बाई, हिला हुकूम जरा हळू द्याया सांगा. सारी आळी पाचला उठतीया."

"उठू द्या की! लगीन झाल्यापास्नं पैल्यांदा माजं ऐकायला लागल्यात, आवं!"

हवालदार हसले. आवाज करून हसले. अनसाबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

त्या दिवसापासून मी पुडी हातात द्यायच्या आधी गोळीचा त्रास सांगायला लागले. सांगितल्यामुळे कुणी गोळी टाकून दिल्याचं मला आठवत नाही. न सांगितल्यामुळे टाकलेली मात्र पक्की आठवते.