कान आईचे, तारे लोकांचे

आई मिरजगावात ब्लाउज शिवते. एका गिऱ्हाईक बाईनं बटणं पुढं सांगितली आणि आईनं मागं लावली, तेव्हा तिला ऐकू कमी येतंय हे आम्हा दोघींना मान्य करावं लागलं. तिनं त्या बाईला नवा ब्लाउज शिवून दिला आणि मला नगरला फोन केला. ओरडूनच बोलली, "मला कान दाखवायचेत. चांगला डाक्टर बघ. शिवणकाम मी सोडणार न्हाई."

मी मोबाईलवर शोधलं. कानाच्या डॉक्टरांपैकी ज्यांना सगळ्यात जास्त तारे होते, त्यांच्याकडं नंबर लावला. दवाखाना चकचकीत. तपासणी झाली आणि डॉक्टर कॉम्प्युटरकडं बघत मला म्हणाले, "दोन्ही कानांना मशीन लागेल. आजच माप देऊन टाका."

आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. बाहेर काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, जाता जाता पाच तारे द्या ना."

"काय म्हणली ती?" आईनं विचारलं. मी सांगितलं. आई तडक जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "कान माझं, अन् समदी बोलत्यात तुझ्याशी. दुसरा बघ."

त्या संध्याकाळी मी तारे मोजणं सोडलं आणि लोकांनी काय लिहिलंय ते वाचायला बसले. 'छान अनुभव.' 'पार्किंगला भरपूर जागा.' 'स्टाफ नम्र.' पेशंटला समजलं का, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. आई चष्मा लावून शेजारी बसली आणि स्वतः वाचू लागली. एका ठिकाणी तिनं बोट ठेवलं. दोनच तारे होते. कुणीतरी रागानं लिहिलं होतं, 'डॉक्टर एकेका म्हाताऱ्या पेशंटसमोर बसून राहतात. आमचा सगळा दिवस गेला.'

"ह्योच," आई म्हणाली.

"अगं, लोक चिडलेत त्यांच्यावर."

"म्हाताऱ्यांपुढं बसतो म्हणून चिडलेत. मी म्हातारीच हाय की."

एका माणसाच्या रागावर भरवसा ठेवायला माझं मन तयार होईना. म्हणून तिथं फोन करून विचारलं, मशीन घेण्याआधी घरी वापरून बघता येतं का? येतं म्हणाले. मग गेलो. खरंच पुष्कळ थांबावं लागलं.

या डॉक्टरांनी खुर्ची ओढून आईसमोर घेतली, तोंडावरचा मास्क खाली केला. "आजी, कुणाचं बोलणं जास्त चुकतं?"

"बायांचं. बारीक आवाज असला की कळतच न्हाई."

ते सावकाश तिलाच सांगत गेले. कानाची नस कमजोर झालीय, ती पहिल्यासारखी होणार नाही. मशीननं फायदा होईल, पण सुरुवातीला आवाजांचा त्रास होईल.

"अन् न्हाईच जमलं तर?"

"तर परत या. आपण आवाज कमी-जास्त करून बघू."

मशीन वापरून बघायला घेऊन आई गावी गेली.

घरी कानात मशीन घालून आई शिलाई मशीनवर शिवायला बसली आणि खडखड ऐकून दचकून थांबली. "ही एवढी वाजती?" पहिले काही दिवस तिचं डोकं दुखायचं. मशीन काढून ठेवायची, थोड्या वेळानं परत घालायची. मी फोनवर म्हणाले, राहू दे जरा. ऐकलं नाही. आवाज जुळवून घ्यायला पुढच्या वेळी ती एकटीच एसटीनं नगरला आली आणि दवाखान्यातूनच मला फोन केला, "माझं काम झालं. तू ऑफिसातच ऱ्हा."

महिन्याभरानं गावी गेले तर ती एका तरुण मुलीचं माप घेत होती. मुलगी पुटपुटल्यासारखं बोलत होती आणि आई फक्त "गळा किती?" एवढंच एकदा विचारून कापडावर खुणा करत होती. मुलगी गेल्यावर आई म्हणाली, "आता तू लिही मोबाईलवर. मी सांगते तसं."

तिनं सांगितलं, मी लिहिलं. 'डॉक्टर पेशंटशी बोलतात. मशीन आधी वापरायला देतात. वेळ लागतो, डबा घेऊन जावं. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर हाय, लिफ्ट न्हाई.'

मी पाच तारे देणार होते. तिनं माझा हात धरला. "चार दे."

"का गं? एवढं चांगलं केलं त्यांनी."

"एक जिन्याचा कापला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधीच कळाया नको?"

मी चार दिले. आईनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि मगच मला ते पाठवू दिलं.